ग्रामपंचायतीत नेट चालू, शेजारच्या केंद्रात बंद! दोन इमारतींमधला बिघाड कसा शोधायचा?

जुलैअखेर जवळ आली की सेवा केंद्रासमोर रांग लागते. कुणाला पीक विमा भरायचा असतो, कुणाला उत्पन्नाचा दाखला हवा असतो, कुणाची केवायसी राहिलेली असते. तासाभराने नंबर येतो. आधार क्रमांक टाकला जातो, मोबाईलवर ओटीपी येतो आणि नेमकं तेव्हाच नेट जातं. पाच-दहा मिनिटांनी परत येतं, पण तोवर ओटीपीची मुदत संपलेली असते. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. असं चार वेळा झालं की आतून आवाज येतो, "सर्व्हर डाउन आहे, उद्या या." उद्या येणं म्हणजे आणखी एका दिवसाचा रोज बुडवणं.

सर्व्हर खरंच डाउन असतो तेव्हा कुणाचाच इलाज नसतो. पण बऱ्याच गावांत गोष्ट वेगळी असते. केंद्रात नेट गेलेलं असतं आणि त्याच वेळी शंभर पावलांवरच्या ग्रामपंचायतीत ते व्यवस्थित चालू असतं. म्हणजे कंपनीची लाइन ठीक आहे, सरकारी सर्व्हरही ठीक आहे. बिघाड आहे तो या दोन इमारतींच्या मधे. शाळा आणि ग्रामपंचायत, दूध डेअरीचं ऑफिस आणि संकलन केंद्र, घर आणि गोठ्यावरचा कॅमेरा, सगळीकडे हेच दुखणं दिसतं.

पूर्ण बंद पडलेली वस्तू दुरुस्त करणं सोपं असतं. जाऊन येऊन चालणारी वस्तू मात्र माणसाला दमवते. टेक्निशियन येतो तेव्हा नेट चालू असतं. तो राउटर बंद करून चालू करतो आणि निघून जातो. तो फाट्यावर पोचेपर्यंत नेट पुन्हा गेलेलं असतं. मग राउटर बदलला जातो, पैसे जातात आणि दुखणं तसंच राहतं. हा बिघाड शोधायला फार शिक्षण लागत नाही. एक वही, एक लॅपटॉप आणि थोडा धीर लागतो.

मधला दुवा कोणता, ते आधी बघा

भारतनेट योजनेमुळे अनेक ग्रामपंचायतींपर्यंत फायबर पोचली. २०११ मध्ये ही योजना राष्ट्रीय ऑप्टिकल फायबर नेटवर्क या नावाने मंजूर झाली होती, भारतनेट हे नाव नंतरचं. काही ठिकाणी खासगी केबलवाल्याची फायबर येते. पण ती लाइन एका इमारतीत येऊन थांबते. तिथून शाळेत, अंगणवाडीत किंवा केंद्रात नेट न्यायचं काम गावातच कुणीतरी केलेलं असतं, हाताशी असेल त्या सामानात. दुखणं बहुतेक वेळा इथेच असतं.

हा मधला दुवा तीन प्रकारचा असतो. पहिला प्रकार तांब्याच्या लॅन वायरीचा. निळी, राखाडी किंवा काळी वायर, जिच्या टोकाला पारदर्शक प्लास्टिकची पिन असते. दुसरा प्रकार फायबरचा. यात दोन्ही टोकांना मीडिया कन्व्हर्टर नावाची छोटी डबी लागते. तिसरा प्रकार वायरलेस. दोन्ही छतांवर समोरासमोर तोंड केलेले पांढरे अँटेना असतात. तिघांची दुखणी वेगळी आहेत. म्हणून आपल्याकडे काय आहे ते आधी छतावर नजर टाकून ओळखावं.

पहिलं काम : वही

नेट गेलं की वहीत चार गोष्टी लिहाव्यात. किती वाजता गेलं, किती वाजता आलं, त्या वेळी हवा कशी होती आणि लाइटचं काय चाललं होतं. थ्री फेज आली होती का, कुणाची मोटर सुरू झाली का, इन्व्हर्टरवर होतं का. आठ दिवस हे नेमाने लिहिलं तर निम्मा बिघाड वहीतच सापडतो. कारण जाऊन येऊन चालणाऱ्या नेटला वेळ असते. ते उगाच जात नाही.

पाऊस पडला की किंवा पहाटे दव पडलं की जात असेल, तर कुठेतरी पाणी शिरतंय. उघड्यावर जोडलेली वायर, फाटलेलं वेष्टण किंवा अँटेनाच्या खालची पिन, यांपैकी काहीतरी आहे. इथे एक गैरसमज काढून टाकायला हवा. छतावरच्या नेहमीच्या ५ गिगाहर्ट्झच्या वायरलेसला दोन-तीनशे मीटर अंतरात पावसाच्या थेंबांनी जाणवण्यासारखा फरक पडत नाही. पावसात ते बंद पडत असेल तर पाणी हवेतलं नाही, पिनेतलं आहे.

वारा सुटला की जात असेल तर खांब हलतोय, फांदी मधे येतेय किंवा पिन सैल आहे.

भर दुपारी जात असेल तर डबी तापतेय. पत्र्याच्या पेटीत, पत्र्याच्याच छताखाली ठेवलेला स्विच आणि त्याचा ॲडॅप्टर एप्रिल-मे महिन्यात भाजून निघतात.

थ्री फेज आल्यावर किंवा गेल्यावर जात असेल तर व्होल्टेजचा प्रश्न आहे. गावातल्या मोटरी एकदम सुरू झाल्या की व्होल्टेज पडतं. बल्ब नुसता मंद होतो, पण राउटर बंद होऊन पुन्हा सुरू होतो. पुन्हा सुरू व्हायला त्याला दोन-तीन मिनिटं लागतात. त्यामुळे लाइट क्षणभरच गेली तरी नेट तीन मिनिटं जातं.

फक्त केंद्र उघडं असताना, गर्दीतच जात असेल तर लाइनवर ताण येतोय किंवा पत्त्यांचा घोळ आहे. त्याबद्दल पुढे.

आणि उन्हाळ्यात छान चाललेलं वायरलेस पावसाळ्यानंतर हळूहळू बिघडत गेलं, तर शिवाराकडे बघा. फेब्रुवारीत अँटेना बसवला तेव्हा मधलं रान मोकळं होतं. पुढे तिथे ऊस दहा-बारा फूट झाला किंवा बाभळीला पालवी फुटली. अँटेना जागेवरच आहेत, त्यांची एकमेकांवरची नजर मात्र अडली.

दुसरं काम : बिघाड नेमका कुठल्या टप्प्यात?

शेतात पाइपलाइनमधून पाणी कमी येतंय तर शेतकरी काय करतो? सगळी पाइप उकरत नाही. आधी विहिरीवर जाऊन मोटर किती पाणी उचलते ते बघतो. मग मधल्या कॉकवर बघतो. तिथे पाणी पुरेसं असेल तर फूट त्याच्या पुढे आहे, नसेल तर मागे. नेटचंही तसंच करायचं. यासाठी संगणकात 'पिंग' नावाची सोय असते. एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी हाक मारायची आणि ओ येते का ते बघायचं, एवढंच तिचं काम.

ज्या इमारतीत नेट जातं तिथे लॅपटॉप न्यावा. तो वायफायवर नको, वायरीनेच जोडावा. नाहीतर खोलीतल्या वायफायचा दोष मधल्या दुव्याच्या माथी बसतो. विंडोजमध्ये सर्चच्या जागी इंग्रजीत सी-एम-डी लिहून एंटर दाबलं की काळी चौकट उघडते. तिथे इंग्रजीत पी-आय-एन-जी, मग जागा सोडून पत्ता, मग जागा सोडून डॅश आणि टी लिहायचं. एंटर दाबलं की हाका सुरू होतात. थांबवायचं असेल तेव्हा कंट्रोल आणि सी एकत्र दाबायचं.

अशा दोन चौकटी शेजारी शेजारी उघडाव्यात. पहिलीत ग्रामपंचायतीतल्या मुख्य राउटरचा पत्ता टाकावा. तो राउटरच्या बुडाला चिकटवलेल्या कागदावर असतो, बहुतेक वेळा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असा. टाइप करताना आकडे इंग्रजी हवेत. दुसरीत ८.८.८.८ टाकावं. हा गुगलचा बाहेरच्या इंटरनेटवरचा पत्ता आहे, तपासणीला सगळेच वापरतात. दोन्ही चौकटी चालू ठेवून नेट जायची वाट बघावी.

नेट गेलं आणि पहिल्या चौकटीत उत्तर येतंय, दुसरीत 'रिक्वेस्ट टाइम्ड आउट' येतंय, तर मधला दुवा निर्दोष आहे. बिघाड मुख्य राउटरमध्ये किंवा बाहेरच्या लाइनमध्ये आहे. फायबरच्या मोडेमवर एलओएस नावाचा दिवा लाल झाला असेल तर कंपनीचा प्रकाश पोचत नाहीये. तक्रार कंपनीकडे करायची, वायर उपसायची नाही.

दोन्ही चौकटी एकदम थांबल्या तर बिघाड दोन इमारतींच्या मधे किंवा दोन्ही टोकांच्या डब्यांत आहे.

उत्तर येतंय पण वेळ वाढलेली आहे, तर तेही बघावं. पुढच्या आकड्याला मिलिसेकंद म्हणतात. चांगल्या वायरीवर मुख्य राउटरचं उत्तर एक-दोन मिलिसेकंदांत येतं, वायरलेसवर थोडं जास्त. तिथे शंभर-दोनशे दिसू लागले, किंवा दहा हाकांमागे दोन-तीन हरवू लागल्या, तर नेट गेलेलं नसलं तरी जायच्या वाटेवर आहे.

तिसरं काम : दिवे आणि अदलाबदल

वायर जिथे खोचतात त्या खोबणीजवळ छोटा दिवा असतो. वायर धड असेल तर तो लागतो आणि माहिती येताना-जाताना लुकलुकतो. नेट गेलं त्या क्षणी दोन्ही इमारतींतले दिवे बघायला दोन माणसं उभी करावीत आणि साध्या फोनवर बोलत राहावं. दिवा पूर्ण विझला तर वायर, पिन किंवा वीजपुरवठा यांचा दोष. दिवा चालू राहिला आणि तरी नेट गेलं तर दोष बहुधा डबीच्या आतला किंवा पत्त्यांचा.

डबीचे सगळेच दिवे विझून पुन्हा लागले तर ॲडॅप्टरवर संशय घ्यावा. काळा ॲडॅप्टर बाहेरून ठीक दिसतो, पण दोन-तीन उन्हाळे काढल्यावर आतून दमतो. त्याच व्होल्टचा आणि तेवढ्याच किंवा जास्त अँपिअरचा दुसरा ॲडॅप्टर लावून बघावा. १२ व्होल्टच्या डबीला दुसऱ्या व्होल्टचा ॲडॅप्टर चालत नाही, डबी जळू शकते. व्होल्टेज पडण्याचा त्रास असेल तर राउटरचा छोटा यूपीएस मिळतो. तो दोन्ही टोकांना लावावा. एकाच टोकाला लावून उपयोग नाही, कारण दुसरं टोक बंद झालं तरी दुवा तुटतोच.

यानंतर अदलाबदल. यात नियम एकच, एका वेळी एकच वस्तू बदलायची. सगळं एकदम बदललं आणि नेट सुधारलं तर दोष कशात होता ते कळत नाही, आणि चांगल्या वस्तू भंगारात जातात.

आधी केंद्रातला संगणक एक दिवस उचलून ग्रामपंचायतीत न्यावा आणि छोट्या वायरीने थेट मुख्य राउटरला जोडावा. दिवसभर नेट गेलं नाही तर संगणक आणि राउटर दोन्ही सुटले. मग राउटरच्या मागची खोबण बदलून बघावी. जवळपास वीज पडल्यावर एखादी खोबण अर्धवट मरते. ती कधी चालते, कधी नाही. शेजारच्या खोबणीत वायर लावली की प्रश्न मिटतो.

तांब्याची वायर : शंभर मीटरची मर्यादा

लॅन वायरीचा एक नियम फार कमी जणांना सांगितला जातो. एका डबीपासून दुसऱ्या डबीपर्यंत तिची जास्तीत जास्त लांबी १०० मीटर, म्हणजे सुमारे ३२८ फूट. त्यापुढे ती लगेच बंद पडत नाही. ११५-१२० मीटरवरही दिवा लागतो, नेट चालतं, म्हणून सगळे खूश होतात. पण मग ऊन तापलं, शेजारची मोटर सुरू झाली, पिन थोडी गंजली की नेट तुटू लागतं.

घोळ होतो तो मोजण्यात. दोन इमारतींमधलं अंतर ८० मीटर असतं. पण वायर राउटरपासून खिडकीपर्यंत, भिंतीवरून छतावर, लिंबाला वळसा घालून, पलीकडच्या छतावरून खाली आणि मग टेबलापर्यंत जाते. त्यात तीस-चाळीस मीटर सहज वाढतात. मोजायला टेप लागत नाही. चांगल्या वायरीच्या वेष्टणावर दर मीटरला आकडा छापलेला असतो. एका टोकाचा आकडा आणि दुसऱ्या टोकाचा आकडा वजा केला की लांबी मिळते. मधे गुंडाळून ठेवलेली जास्तीची वायरही त्यात धरली जाते. तिलाही मोजावंच लागतं.

लांबी बरोबर असेल तर पिना बघाव्यात. वायरीत आठ बारीक तारा असतात, दोन-दोनच्या चार जोड्या पिळलेल्या. १०० एमबीपीएस वेगाला त्यातल्या दोन जोड्या पुरतात, १००० एमबीपीएसला चारही लागतात. त्यामुळे एखादी तार सैल झाली की वेग हजारावरून शंभरावर येतो आणि पुन्हा वर जायची धडपड करतो. दर वेळी क्षणभर दुवा तुटतो. संगणकाच्या इथरनेट सेटिंगमध्ये लिंक स्पीड दिसतो. दोन्हीकडच्या डब्या हजारवाल्या असून तिथे १०० दिसत असेल तर तारांपैकी एखादी आजारी आहे, असं धरून चालावं.

पिन बसवताना दोन्ही टोकांना रंगांचा क्रम एकच हवा. आपल्याकडे जास्त चालतो तो क्रम असा : पांढरा-केशरी, केशरी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. काही जण आपल्या मनाने क्रम लावतात आणि दोन्हीकडे तोच ठेवतात. टेस्टरवर आठही दिवे लागतात, पण तारा चुकीच्या जोडीत गेल्याने लांब वायरीवर नेट तुटत राहतं. टेस्टर फक्त तार सलग आहे का ते सांगतो. ती किती चांगली आहे ते सांगत नाही. टेस्टर चालू ठेवून पिनेजवळ वायर हलकेच हलवावी. दिवा लुकलुकला तर पिन कापून नवी बसवावी. पाच-दहा रुपयांचं हे काम हजारोंचा राउटर बदलण्याआधी करायला हवं.

मधे जोड असेल तर तोच पहिला आरोपी. दोन तुकडे पिळून त्यावर काळी टेप गुंडाळणं वीजेच्या वायरीला कदाचित चालून जातं, लॅन वायरीला नाही. टेप एका पावसाळ्यात सुटते आणि पाणी तारांत उतरतं. घरात वापरायची वायर बाहेर ताणली असेल तर तिचं वेष्टण उन्हाने दोन-तीन वर्षांत तडकतं. बाहेरसाठी काळ्या जाड वेष्टणाची वेगळी वायर मिळते.

स्वस्त वायरीची एक चाचणी आहे. एक तार कापून ब्लेडने खरवडावी. आत लालसर तांबं दिसलं तर ठीक. पांढुरकी चमक दिसली तर ती तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची तार आहे. ती वाकवली की तुटते आणि लांब अंतराला कमी पडते.

वीज, विजा आणि जिवाचा धोका

नेटची वायर महावितरणच्या खांबावरून कधीही नेऊ नये आणि वीजेच्या तारांखालून ओढू नये. वाऱ्यात तार तुटून लॅन वायरीवर पडली तर करंट सरळ टेबलावर येतो. वायर अशी गेलेली असेल तर बिघाड शोधायच्या आधी वायरमनला सांगून ती काढून घ्यावी. घरातल्या लाइटच्या पट्टीतूनही लॅन वायर घालू नये. निदान फूटभर अंतर ठेवावं, आणि एकमेकींना ओलांडायचंच असेल तर काटकोनात ओलांडावं. स्टार्टरच्या पेटीपासून तर तिला लांबच ठेवावं.

दुसरी गोष्ट अर्थिंगची. दोन इमारतींची अर्थिंग वेगळी असते. वळवाच्या पावसात जवळपास वीज कोसळली की दोन्ही ठिकाणच्या जमिनीच्या दाबात क्षणभर मोठा फरक पडतो. तो फरक तांब्याच्या वायरीतून वाट काढतो. वीज इमारतीवर पडलेली नसते, तरी दोन्हीकडच्या खोबणी उडतात. कधी पूर्ण, कधी अर्धवट. म्हणून दोन इमारतींमधे तांब्याची वायर हा कायमचा इलाज नाही. ढग गडगडत असताना छतावर चढून वायर हलवणं तर जिवाशी खेळ आहे.

फायबर : कायमचा इलाज, पण जपून

फायबरमधून वीज जात नाही, प्रकाश जातो. त्यामुळे मोटरचा, अर्थिंगचा, शंभर मीटरचा प्रश्नच येत नाही. एकाच धाग्यावर चालणारी मीडिया कन्व्हर्टरची जोडी मिळते. एका डबीवर ए आणि दुसरीवर बी लिहिलेलं असतं. दोन्ही ए लावल्या तर चालत नाहीत. एक डबी शंभर एमबीपीएसची आणि दुसरी हजाराची असेल तरीही दुवा नीट जमत नाही. म्हणून डब्या जोडीनेच घ्याव्यात आणि एक जादा जोडी कपाटात ठेवावी.

फायबरवर नेट जाऊन येत असेल तर तीन जागा बघाव्यात. फायबर कोपऱ्यात काटकोनात मुडपली आहे का, टोकावर धूळ आहे का आणि टोकांचा रंग जुळतो का. निळ्या टोकाला निळं आणि हिरव्याला हिरवंच लागतं. निळं-हिरवं खोचलं तर ते बसतं, पण प्रकाश वाया जातो. उंदराने कुरतडलेली जागा छताच्या पत्र्याखाली सापडते. बाहेरच्या फायबरला आधाराची लोखंडी तार असेल तर ती भिंतीबाहेरच कापून थांबवावी, आत आणू नये. नाहीतर विजेला तीच वाट मिळते. आणि फायबरच्या टोकात डोळा लावून प्रकाश येतोय का ते बघू नये. तो प्रकाश डोळ्याला दिसत नाही, पण इजा करू शकतो.

वायरलेस : नजरेला नजर

मधे रस्ता किंवा ओढा असेल तर वायरलेसच सोयीचं पडतं. यात समोरचा अँटेना डोळ्याने दिसला म्हणजे झालं, असं नाही. लहरींना पाइपसारखी नाही, मधे फुगलेल्या काकडीसारखी जागा लागते. २०० मीटर अंतराला मधोमध सरळ रेषेच्या चारही बाजूंना साधारण दीड मीटर मोकळीक हवी. म्हणून अँटेना उभ्या उसाच्या शेंड्यापेक्षा बराच वर हवा आणि झाड पुढच्या वर्षी किती वाढेल ते धरून जागा निवडावी.

खांब हाताने हलवून बघावा. हलत असेल तर तीन बाजूंनी ताण द्यावा. नट-बोल्ट वर्षातून एकदा आवळावेत. अँटेनाला वीज देणाऱ्या छोट्या डबीवर दोन खोबणी असतात. पीओई लिहिलेली अँटेनाकडे आणि लॅन लिहिलेली राउटरकडे. वायर खाली उतरताना भिंतीत शिरण्याआधी तिला खाली झोळ ठेवावा. पाणी झोळापाशी ठिबकून जातं, आत येत नाही.

सगळं ठीक, तरी नेट जातं?

मग दोन राउटरांचं भांडण असू शकतं. घरात जुना पडलेला राउटर दुसऱ्या इमारतीत वायफायसाठी लावला जातो. मुख्य राउटर प्रत्येक मोबाईलला एक पत्ता देतो. दुसराही पत्ते वाटू लागला की अर्ध्या मोबाईलना चुकीचा पत्ता मिळतो. नेट कुणाचं चालतं, कुणाचं नाही, आणि दर काही तासांनी पाळी बदलते. दुसऱ्या राउटरमधलं पत्ते वाटायचं काम, म्हणजे डीएचसीपी, बंद करावं. दोघांचा स्वतःचा पत्ताही वेगळा ठेवावा.

शाळेत आणखी एक गंमत होते. मोकळं लोंबणारं वायरीचं टोक कुणीतरी चांगल्या मनाने त्याच स्विचमध्ये खोचतं. मग माहिती गोल गोल फिरत राहते आणि सगळ्यांचंच नेट गुदमरतं. स्विचचे सगळे दिवे एकदम वेड्यासारखे लुकलुकत असतील तर एकेक वायर काढत जावं. कुठली काढल्यावर दिवे शांत होतात ते लगेच कळतं.

टेक्निशियनला काय सांगायचं?

"नेट चालत नाही" एवढंच सांगितलं तर तो राउटर बंद-चालू करून जाणार. त्याला पाच गोष्टी सांगाव्यात :

१. आठ दिवसांच्या वहीतल्या वेळा आणि त्या वेळची हवा, लाइट.
२. नेट गेलं तेव्हा मुख्य राउटरचं उत्तर येत होतं की नाही.
३. दोन्ही टोकांचे दिवे लागलेले होते की विझलेले.
४. मधली वायर किती मीटरची, कोणती आणि तिला जोड किती.
५. आतापर्यंत काय बदलून बघितलं आणि त्याने काय फरक पडला.

चौकटीचा मोबाईलवर फोटो काढून ठेवावा. कंपनीचा माणूस "आमची लाइन ठीक आहे" म्हणाला आणि मधली वायर टाकणारा "माझी वायर ठीक आहे" म्हणाला, तर वाद मिटवायला तोच फोटो कामाला येतो.

सेवा केंद्र असो की शाळा, मृग लागायच्या आधी एक दिवस यासाठी काढावा. पिना, जोड, खांब, ॲडॅप्टर बघून घ्यावेत, मधल्या झाडाच्या फांद्या छाटाव्यात. जुलैअखेरची रांग दर वर्षी लागणारच आहे. त्या रांगेतल्या माणसाचा नंबर आला, की त्याचं काम त्याच दिवशी व्हायला हवं.